मॉडमधली शस्त्रं-चिलखतं सुधारायला घेताय? आधी एवढी तयारी करा

हे सगळं माउंट अँड ब्लेड: वॉरबँड या लढायांच्या गेमच्या मॉडसाठी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या फेरबदलांसाठी. ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, नंतर उघडा, आधी साल आणि प्रदेश पक्का करा. नुसतं मध्ययुगीन म्हटलं की हजारेक वर्षं आली, मग १०६६ च्या हेस्टिंग्जचा नॉर्मन आणि १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टचा फ्रेंच सरदार एकाच फौजेत उभे दिसतात आणि जाणकार खेळणारा तिथेच मॉड काढून टाकतो. एक साल धरा, फार तर वीस-पंचवीस वर्षं मागेपुढे. प्रदेशही ठरवा, कारण पंधराव्या शतकातलं मिलानचं चिलखत गोलसर गुळगुळीत, जर्मन गॉथिक मात्र नक्षीदार खाचांचं आणि टोकदार, लांबूनच फरक कळतो.

मग संदर्भ गोळा करा, आणि इथे कंजूषी नको. दुसऱ्या गेमचे स्क्रीनशॉट अजिबात नकोत, त्यांच्या चुका आपल्यात येतात. मेट्रोपॉलिटन म्युझियम, लंडनचं वॉलेस कलेक्शन, लीड्सचं रॉयल आर्मरीज, यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये बऱ्याच वस्तूंची लांबी-वजन दिलेलं असतं, ते एका शीटमध्ये उतरवा. पट्टे आणि बकल कुठे बसतात हे बघायला थडग्यांवरचे कोरीव पुतळे भारी. आणि गॉटलंड बेटावरचं विस्बी वाचाच, १३६१ च्या लढाईतले मेलेले लोक काही जण चिलखतासकट पुरले गेले, त्यांच्या हाडांवर गुडघ्याखालच्या जखमा भरपूर सापडल्यात. म्हणजे गरीब प्याद्याच्या पायाला काहीच संरक्षण नाही दिलंत तरी ते बरोबरच आहे!

वजनाचा आकडा आधी शीटमधून घ्यायचा, मनाने नाही. एकहाती तलवार साधारण एक ते दीड किलो, दोन्ही हातांनी धरायची लाँगस्वर्डही बहुतेक दोन किलोच्या आतच, आणि अख्खं प्लेटचं (पोलादी पत्र्यांचं) चिलखत वीस-पंचवीस किलो, तेही सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळे घालणारा धावू शकतो. चार किलोची तलवार दिसली की समजायचं कोणीतरी अंदाजपंचे ठोकलंय. तलवारींसाठी ओकशॉटचं, म्हणजे मध्ययुगीन तलवारींचे आकारावरून पाडलेल्या प्रकारांचं, वर्गीकरण जवळ ठेवा, दहावा प्रकार म्हणजे रुंद पातं, मधे लांब खोलगट पन्हळ, कापायला उत्तम, आणि पंधरावा निमुळता, टोकाकडे सुई, भोसकायला. आकडेही तसेच द्या, दोन्हींचे स्विंग (घाव) आणि थ्रस्ट (भोसकणं) सारखे ठेवले तर नवीन मॉडेल बनवून काय उपयोग.

खरी मेहनत इथे आहे बरं का, डॅमेजमध्ये, म्हणजे हत्यार किती इजा करतं त्यात. वॉरबँडमध्ये कट (कापणं), पियर्स (भोसकणं) आणि ब्लंट (बोथट मार) असे तीनच प्रकार, पण तेवढे पुरतात. तलवारीच्या घावाने प्लेट कापली जात नाही, म्हणून तर लोक पातं अर्ध्यावर धरून फटींत टोक घालायचे, किंवा लांब दांड्याची कुऱ्हाड म्हणजे पोलअ‍ॅक्स घ्यायचे. कड्यांचं चिलखत घाव अडवतं, पण गदेचा मार आत पोचतोच, त्यासाठी खाली जाड शिवलेला कापडी अंगरखा, गॅम्बेसन. मॉड्यूल डॉट आयएनआय फाइलमध्ये आर्मर सोकचे (चिलखत किती मार शोषतं त्याचे) आकडे तिन्ही प्रकारांना वेगवेगळे आहेत, एकेका तलवारीचा डॅमेज वाढवत बसण्याआधी तिथे हात घाला. प्लेटवर कट लागला की जवळजवळ काहीच होऊ नये पण म्हणून सगळ्या गदा राक्षसी करू नका, नाहीतर प्रत्येक जण गदाच घेईल.

अजून एक, जे हमखास राहतं: मेश (हत्याराचं थ्रीडी मॉडेल) लांब केला तरी पोच वाढत नाही, ती वेपन लेंथच्या आकड्यावर चालते आणि तो सेंटीमीटरमध्ये असतो. नव्वद सेंटीमीटरचं पातं दिसतंय आणि आकडा सत्तरचा, तर टोक शत्रूच्या छातीतून आरपार जातंय पण रक्त नाही. मोजपट्टी पकडीपासून टोकापर्यंत लावा.

टेक्श्चरचं, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्राचं, पटकन. कड्या बांगडीएवढ्या नकोत, बाहेरून साधारण सेंटीमीटरभर, प्रत्येक कडी चार कड्यांत अडकलेली. लांबून बघायला कमी तपशिलाची लोड (LOD) मॉडेल करा नाहीतर दोनशे जणांच्या लढाईत फ्रेम्स कोसळतील. वापरलेलं चिलखत आरशासारखं चमकत नाही, पण सगळ्यांना गंज चढवायचीही गरज नाही, सरदाराकडे घासायला नोकर असतो.

दुसऱ्याचा मेश वापरणार असाल तर परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. मूळ फाइल्सची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये. नवीन आयटम यादीच्या शेवटी, आयटम्स एंड या शेवटच्या नोंदीच्या अगदी आधी टाका, मध्येच घुसवलात तर जुन्या सेव्हमध्ये कोणाच्या तरी हातात तलवारीऐवजी वाळलेलं मांस येईल.