संस्थेचे नाव नवे, क्रमांक तोच: आरोग्य संस्थेच्या सभासदांनी या चुका टाळाव्यात

आरोग्यक्षेत्रातील सेवाभावी संस्था नाव बदलते, तेव्हा पुष्कळदा त्यामागे आजाराचे किंवा अपंगत्वाचे जुने नाव बोचू लागलेले असते. ब्रिटनमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या स्पास्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये स्कोप हे नाव घेतले, कारण मूळ ‘स्पास्टिक’ (मेंदूच्या पक्षाघाताने स्नायू ताठरलेला) हा शब्द शाळेच्या मैदानावर शिवी म्हणून वापरला जात होता. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाही आज अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. उलट उदाहरणेही आहेत. कर्णबधिरांसाठी काम करणारी ब्रिटनमधील आरएनआयडी ही संस्था २०११ मध्ये ॲक्शन ऑन हिअरिंग लॉस झाली आणि २०२० मध्ये पुन्हा जुन्या आद्याक्षरांवर परतली. आपल्या वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीने तर आपले जुने नाव आजवर सोडलेले नाही. नाव बदलावे की नाही, हा ज्या त्या संस्थेचा प्रश्न. बदलायचे ठरल्यावर महाराष्ट्रातील सभासद, देणगीदार आणि कार्यकारी मंडळ ज्या चुका करतात, त्यांविषयी हा लेख आहे. एका रुग्णसाहाय्य संस्थेचा खजिनदार म्हणून यांतल्या काही चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नाव वाचणे आणि क्रमांक न वाचणे. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदवावी लागते, आणि अशा संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. नाव बदलले तरी हा क्रमांक, संस्थेचा पॅन आणि बँकेतील खाते क्रमांक बदलत नाहीत. त्यामुळे ‘आपली संस्था आता नव्या नावाने काम करील’ असे पत्र आले की प्रथम त्यावरील एफ क्रमांक जुन्या पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक तोच असेल, तर संस्था तीच आहे, आपले आजीव सभासदत्व तसेच चालू आहे आणि संस्थेची देणी-घेणी, करार व न्यायालयातील प्रकरणेही अबाधित आहेत. क्रमांक नवा असेल, तर तो नावबदल नव्हे. कोणीतरी दुसरी संस्था नोंदवली आहे. तशा संस्थेत आपण आपोआप सभासद होत नाही, आणि जुन्या संस्थेची जागा किंवा इमारत सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांनी दिलेल्या मंजुरीशिवाय नव्या संस्थेला देता येत नाही. लांबलचक कागदपत्रांना कंटाळून ‘नवीनच नोंदवून टाकू’ असा सल्ला देणारे प्रत्येक मंडळात एखादे तरी असतात. तो सल्ला तिथल्या तिथे नाकारावा.

खुद्द कायद्याचेही असेच झाले आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, पण जुन्या नावाच्या काळात झालेल्या नोंदण्या त्यामुळे रद्द झाल्या नाहीत. तरीही ‘जुने प्रमाणपत्र आता चालत नाही’ असे सांगून सभासदांना घाबरवणारे भेटतात.

सभेत होणाऱ्या चुका

नावबदलासाठी त्याच कामाकरिता बोलावलेली सर्वसाधारण सभा लागते आणि संमती एकूण सभासदांपैकी किमान दोन-तृतीयांशांची लागते. ‘एकूण’ या शब्दाकडे दुर्लक्ष होते आणि सभेला आलेल्यांपैकी दोन-तृतीयांश मोजले जातात. समजा, सभासदपटावर ३०० नावे आहेत, सभेला ९० जण आले आणि त्यांपैकी ८८ जणांनी हात वर केले. टाळ्या कितीही वाजल्या तरी हा ठराव पुरेसा नाही, कारण २०० जणांची संमती हवी होती.

यावर उपाय आहे, पण तो सभेच्या आदल्या दिवशी करण्याचा नाही. सोसायटी नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. म्हणजे पटावरील ३०० पैकी ६० जण थकबाकीदार असतील, तर हिशोब २४० वर होतो आणि १६० संमती पुरतात. खरी अडचण आजीव सभासदांची असते, कारण त्यांची वर्गणी कधीच थकत नाही. आमच्या संस्थेचा सभासदपट उघडला, तेव्हा कडेला पेन्सिलीने ‘कै.’ लिहिलेली, पण कधीच कमी न केलेली नावे पानापानावर निघाली. आजीव सभासदांपैकी अनेक जण मुळात रुग्ण किंवा रुग्णांचे वयस्क नातेवाईक असल्याने आरोग्य संस्थांत हे विशेषच घडते. पट अद्ययावत करून तो कार्यकारी मंडळाच्या ठरावाने कायम करणे, हे काम सभेची नोटीस काढण्यापूर्वी व्हायला हवे. सभासदांनी आपल्या घरातील दिवंगत सभासदाची माहिती लेखी कळवली, तर कार्यालयाचे निम्मे काम हलके होते.

दुसरी गफलत अधिक आतली आहे. क्षयरोगासाठी स्थापन झालेली संस्था ‘श्वसन आरोग्य’ असे नाव घेते, तेव्हा बहुधा तिला कामाचा आवाकाही वाढवायचा असतो. परंतु नाव बदलणे आणि उद्दिष्टे बदलणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्दिष्टांसाठी सोसायटी नोंदणी अधिनियमाचे कलम १२ लागू होते. त्यानुसार प्रस्तावाचा लेखी अहवाल सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना पोहोचावा लागतो, तीन-पंचमांश मतांनी तो मंजूर व्हावा लागतो आणि महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी त्याला पुन्हा दुजोरा मिळावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बांधल्या, की कार्यालयातून त्रुटी निघते आणि बऱ्याचदा दोन्ही अडकतात. उद्दिष्टबदल प्राप्तिकर विभागालाही स्वतंत्रपणे कळवावा लागतो. सभासदाने नोटीस वाचताना विषय नावाचा आहे, उद्दिष्टांचा आहे की दोन्हींचा, एवढे विचारले तरी मंडळ सावध होते.

चेंज रिपोर्ट आणि त्यानंतरचा क्रम

ठराव झाला म्हणजे नाव बदलले, असे समजून दुसऱ्याच आठवड्यात पाटी, लेटरहेड आणि शिक्के करून घेणारी मंडळे मी पाहिली आहेत. ठरावानंतर सोसायटी निबंधकांकडे नव्या नावाची नोंद व्हावी लागते. तेच किंवा फसगत व्हावी इतके मिळतेजुळते नाव आधीच कोणाकडे असेल, तर अडचण तिथेच उभी राहते. त्यानंतर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, बदलाच्या तारखेपासून ९० दिवसांत दाखल करावा लागतो. मुदत चुकली तर विलंबमाफीचा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागतो, आणि ‘खजिनदार गावाला गेले होते’ हे सबळ कारण ठरेल या भरवशावर राहू नये. चौकशी होऊन आदेश झाला, की न्यासाच्या तिथल्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट १ मध्ये, नवे नाव चढते. त्याचा प्रमाणित उतारा हाती आल्यावरच पॅनमधील नाव, मग बँक, मग बाकीच्या नोंदण्या असा क्रम ठेवावा. परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे स्वतंत्र कळवावे लागते आणि तिथली मुदत ४५ दिवसांची आहे.

ज्या सभासदाला नावबदल मान्य नाही, त्याने सभेबाहेर कुरकुर करण्यापेक्षा चेंज रिपोर्टच्या चौकशीत लेखी हरकत घ्यावी. सोसायटी म्हणून नोंदलेल्या न्यासाचा कोणताही सभासद हा कायद्याच्या व्याख्येत ‘हितसंबंधित व्यक्ती’ असतो, त्यामुळे हरकत घेण्याचा अधिकार त्याला कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही.

देणगीच्या पावतीपाशी

पैशाच्या बाबतीत चुका मधल्या काळात होतात. आमच्या संस्थेच्या पाटीवर नवे नाव लागले होते आणि बँकेत जुनेच होते. सांगलीच्या एका वयोवृद्ध सभासद बाईंनी पाटीचा फोटो पाहून मोठ्या अक्षरांत नव्या नावाचा धनादेश लिहून पाठवला. बँकेने तो नाव जुळत नाही म्हणून परत केला. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते, आणि आमचा पत्रव्यवहार तोवर संपला नव्हता. त्यांना दुसरा धनादेश लिहावा लागला, याची लाज मला अजून वाटते. संस्थेने ‘अमुक तारखेपर्यंत धनादेश जुन्याच नावाने लिहावेत’ असे स्पष्ट कळवावे, आणि तसे कळवले नसेल तर सभासदाने लिहिण्यापूर्वी फोन करावा.

दरमहा खात्यातून आपोआप वळती होणारी देणगी संस्थेचा खाते क्रमांक तोच असेपर्यंत थांबवण्याचे कारण नाही. खातेउताऱ्यात अनोळखी नाव दिसताच ती बंद करणारे सभासद नंतर हळहळतात. मात्र ‘नाव बदलल्यामुळे आता या नव्या खात्यावर पैसे पाठवा’ असा निरोप आला, तर संशय घ्यावा. नावबदलाची बातमी फसवणाऱ्यांनाही कळलेली असते. खाते खरोखरच बदलले असेल, तर संस्था ते आपल्या नेहमीच्या क्रमांकावरून सांगू शकते.

करसवलतीच्या कागदांवर एका वर्षात दोन नावे दिसली तरी गोंधळू नये. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेची साधी पावती पुरत नाही. संस्थेने देणग्यांचे विवरण प्राप्तिकर विभागाकडे भरल्यावर तिथून तयार होणारे प्रमाणपत्र लागते. एप्रिलमधील पावतीवर जुने आणि प्रमाणपत्रावर नवे नाव आले, तरी त्यावरील संस्थेचा पॅन एकच आहे ना, ते पाहावे. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली असेल, तर तिच्यावर सवलत मिळत नाही. त्याचा नावाशी संबंध नाही, पण दोष मात्र नावबदलाला दिला जातो.

न्यासाचे रुग्णालय असेल, तर आणखी एक गैरसमज रुग्णांपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. पाटीवर ‘धर्मादाय’ ऐवजी एखादे चकचकीत नाव आले, म्हणून हे बंधन सुटत नाही. नोंदणी खिडकीवर ‘ती योजना जुन्या ट्रस्टची होती’ असे उत्तर मिळाले, तर तेथील समाजसेवा अधीक्षकांना न्यासाचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि काम न झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी.

राहिली मृत्युपत्रे. जुन्या नावाने संस्थेला काही ठेवले असेल, तर केवळ तेवढ्यासाठी सगळे मृत्युपत्र नव्याने करण्याची घाई करू नये. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ७६ नुसार, कोणाला द्यायचे ते पुरेसे स्पष्ट होत असेल, तर नावातील चुकीमुळे देणे निष्फळ ठरत नाही. तरीही वारसांना पुढे खेटे घालावे लागू नयेत म्हणून नावबदलाच्या आदेशाची प्रत मृत्युपत्रासोबत त्याच पाकिटात ठेवावी, आणि पुढे कधी पुरवणी मृत्युपत्र करण्याची वेळ आलीच, तर त्यात दोन्ही नावांबरोबर एफ क्रमांकही लिहावा.