जुन्या लंबकाच्या घड्याळाची कमान तुटली, तर तशीच कमान कशी मिळवावी

नागपूरच्या बाजारात, बर्डीवर किंवा इतवारीत, कमान (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी) मागायला जाण्याआधी माप हातात हवं. माप नसलं की दुकानदार हाताला येईल ती कमान देतो, आणि ती बसतेही. घोळ नंतर कळतो.

आधी चालण्याची आणि ठोक्यांची, अशा दोन्ही कमानींचा ताण उतरवा. चालण्याची कमान तुटली असली, तरी ठोक्यांची बहुधा भरलेलीच असते. चावी मुठीत घट्ट धरा, दातेरी चाक अडवणारा खटका बाजूला करा, चावी अर्धा वळसा हळूच उलटी फिरू द्या, खटका पुन्हा बसवा. ताण पूर्ण जाईपर्यंत हेच करत राहा. चावी सुटली तर बोटं फोडते. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच.

आता कमानीचं बाहेरचं टोक बघा. जर्मन मशीनमध्ये कमान सहसा पितळी डब्यात असते आणि टोकाला भोक असतं. जुन्या अमेरिकन मशीनमध्ये ती बहुतेकदा उघडीच असते, टोकाचा फास खांबात अडकवलेला. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मागच्या पाट्यावरचा छापही टिपून घ्या. आठ टोकांच्या चांदणीत इंग्रजी जे असेल तर मशीन जर्मन जुंगहान्स कंपनीचं.

रुंदी व्हर्नियरने मोजा, जाडी मात्र मायक्रोमीटरनेच, आणि तीही गंज पुसून मधल्या भागात. सगळ्या तुकड्यांची लांबी सुतळीने मोजून बेरीज करा. जाडीत चूक झाली तर बाकी सगळं वाया, कारण कमानीचा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ०.४५ ऐवजी ०.५० मिमीची बसवली की जोर सुमारे ३७ टक्के जास्त. ‘जाड म्हणजे मजबूत’ हा समज चाकांचे दात झिजवतो.

तुकडे हरवले असतील तर डबा मोजा. रुंदी डब्याच्या आतल्या उंचीपेक्षा किंचित कमी घ्या. आतली त्रिज्या २२.५ मिमी, मधल्या दांड्याची ७.५ मिमी असेल, तर दोघींच्या वर्गांतली वजाबाकी ४५०. तिला ३.१४ ने गुणा, जाडीच्या दुपटीने भागा. ०.४५ मिमी जाडीला सुमारे १५७० मिमी लांबी येते.

अस्सल म्हणजे कारखान्याच्या पुडीतली, हा हट्ट सोडा. ॲन्सोनिया या अमेरिकन कंपनीची तर यंत्रसामग्रीच १९२९ मध्ये सोव्हिएत रशियाला विकली गेली. खरा साठा म्हणजे त्याच छापाचं बंद पडलेलं मशीन. जुन्या घड्याळदुरुस्तीवाल्यांकडे, भंगारात ते शोधा. त्यातली कमान सुटी केल्यावर ऐसपैस पसरली तर जीव आहे. डब्याएवढीच गोल राहिली तर थकलेली, घेऊ नका.

फक्त भोकाशी तुटली असेल तर नवी कशाला? शेवटचे दोनेक सेंटिमीटर लाल तापवून सावकाश थंड होऊ द्या, भोक पाडा, कडा घासा. बाकी कमानीवर ओलं फडकं ठेवा, नाहीतर तिचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो.

बसवताना हाताने कोंबू नका, शंकूसारखी वाकते आणि झाकणाला घासते. कमान भरायचं यंत्र असलेल्या कारागिराकडून बसवून घ्या. आधी कमानीचं घट्ट तेल लावा. खोबरेल तर नकोच, शिलाई मशीनचं पातळ तेलही नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही. पहिल्यांदा अर्धीच चावी द्या आणि डबा दातावर सरळ फिरतोय का ते पाहा. मग पूर्ण भरून आठ दिवस चालतं का ते तपासा.