कळलावी फुलात आहे तोवरच ओळखून ठेवा

पोळ्याच्या आगेमागे ज्यांची वावरं नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनी, देवलापारकडं जंगलाला लागून आहेत त्यांनी एकदा धुऱ्यावर चक्कर मारा. कुंपणावर, बोरीच्या झुडपावर एक वेल चढलेला दिसेल, पानाचं टोकच सुतासारखं वळून फांदीला धरतं आणि फूल म्हणजे चुलीतला जाळ, पिवळं-लाल, पाकळ्या कुरळ्या अन् वर उलटलेल्या. हीच कळलावी. कोणी खड्यानाग म्हणतं, कोणी वाघनखी, हिंदीवाले कलिहारी म्हणतात, संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली. लांगल म्हणजे नांगर, कंद तसाच वाकडा असतो.

अडलेल्या बाईच्या बेंबीला, तळपायाला कंदाचा लेप लावायचे, कळा लवकर याव्या म्हणून, त्यावरून कळलावी. विंचू चावल्यावरही उगाळून लावत. आयुर्वेदात ही उपविषात, म्हणजे दुय्यम विषांत मोजतात, शोधन, म्हणजे शुद्ध केल्याशिवाय वैद्यही वापरत नाहीत. घरी हे काहीच करू नका, बाळंतपणात तर अजिबात नाही. हिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, गाऊटच्या (सांधे सुजण्याच्या आजाराच्या) गोळीत तेच, पण गोळीत मोजून अर्धा मिलिग्रॅम, कंदात किती ते कोण मोजणार?

मागच्या दिवाळीनंतर आमचा धुरा खणताना कामावरच्या एका बाईनं दोन कंद रताळी समजून ओच्यात बांधले होते. वेल कधीच वाळून गेलेला, वर काही खूणच नाही. काटकोनात वाकलेला तो कंद दिसला म्हणून माझ्या लक्षात आलं, नाहीतर संध्याकाळी ते चुलीत भाजले गेले असते आणि घरात दोन लहान पोट्टे. भाजून, उकडून हे विष जात नाही.

म्हणून आत्ताच, फूल आहे अन् जमीन ओली आहे तोवर खणून काढा, हातमोजे घालून, कंद आख्खा निघाला पाहिजे, कोंब असलेला तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो. जमत नसेल तर निदान काठी रोवून खूण करा. काढलेला वेल बकऱ्यांपुढं टाकू नका.

चुकून पोटात गेलंच तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, साधी हगवण वाटते, मधे थोडं बरंही वाटतं आणि नंतर किडनी, रक्त बिघडतं. यावर सहज मिळणारा उतारा नाही, म्हणून त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका, 108 ला फोन करा, नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यांत न्या, आणि उरलेला कंद पिशवीत घालून सोबत घ्या, डॉक्टरला दाखवायला.