दमट हवेत घरच्या बारबेलची निगा

रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीसारख्या समुद्रकाठच्या गावी ज्यांनी घरात बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट चढवायचा पोलादी रॉड, ठेवला आहे, त्यांना एक गोष्ट लवकरच कळते: रॉड वजन उचलून जितका झिजतो, त्याहून अधिक तो नुसता पडून राहिल्याने खराब होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. त्यात खारा वारा आणि तळहाताचा घाम यांची भर पडली, की आठवडाभर हात न लागलेल्या पोलादावर तांबूस डाग उमटू लागतात.

सर्वप्रथम आपल्या रॉडवर कोणता मुलामा आहे, हे पाहून घ्यावे, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. मुलामा नसलेले पोलाद आणि काळ्या ऑक्साइडचा रॉड सर्वांत लवकर गंज धरतात. जस्ताचा मुलामा कालांतराने मळकट दिसतो, पण आतले पोलाद सांभाळतो. क्रोम त्याहून टिकाऊ असतो आणि स्टेनलेस स्टीलला सर्वांत कमी निगा लागते.

गंजाची सुरुवात बहुधा नर्लिंगमध्ये, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या खरबरीत जाळीत होते. हातांना लावायचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. ती घाम शोषते हाच तिचा उपयोग, आणि तोच रॉडच्या मुळावर येतो, कारण खाचांत साचलेली ओलसर, खारट पूड पोलादाला चिकटून राहते. म्हणून व्यायाम संपताच कडक नायलॉनच्या ब्रशने ती झाडून काढावी आणि कोरड्या सुती फडक्याने दांडा पुसावा. भांडी घासायची तारेची घासणी मात्र कधीही वापरू नये. ती गंजाबरोबर मुलामाही खरवडते.

पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा, पुसलेल्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब ब्रशने पसरावेत, दहा मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने तेल पुसून घ्यावे आणि हाताला निसरडे लागणार नाही इतकाच पातळ थर राहू द्यावा. घरात सहज मिळते म्हणून अनेक जण खोबरेल किंवा गोडे तेल लावतात. ते कालांतराने खवट व चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. डब्ल्यूडी-४० हा बाजारात मिळणारा फवारा ओलावा हटवण्यास आणि हलका गंज सैल करण्यास चांगला, पण त्याचा थर फार काळ टिकत नाही, त्यामुळे त्यानंतर खरे तेल लावावेच लागते.

ज्यावर प्लेट चढवतो, त्या स्लीव्ह, म्हणजे टोकांवरच्या फिरत्या नळ्या, मोकळेपणाने फिरल्या पाहिजेत. आत पितळी किंवा काशाचे बुश, म्हणजे स्लीव्ह ज्यावर फिरते त्या कड्या, असतील, तर रॉड किंचित तिरपा धरून स्लीव्ह आणि दांड्याच्या सांध्यात दोन थेंब तेल सोडावे, स्लीव्ह फिरवावी, मग दुसरी बाजू करावी. घट्ट ग्रीस भरल्यास फिरणे उलट जड होते. रॉड उभा ठेवला तर हे तेल हळूहळू खाली ओघळते, म्हणून आडवा ठेवणेच बरे. मात्र प्लेट उतरवूनच, कारण स्टँडवर महिनोन्‌महिने भार तोलून धरणे स्वस्त रॉडला सोसत नाही.

ओतीव लोखंडाच्या, रंग उडालेल्या प्लेटवरील जाड गंज पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून सुटतो. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून लगेच तेल किंवा रंग द्यावा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी नवा गंज दिसतो. हा उपाय जस्ताच्या मुलाम्यावर करू नये. व्हिनेगर जस्त खाते. रबरी प्लेटना याउलट तेल लागू देऊ नये. सौम्य साबणाचे पाणी पुरते, आणि त्या गच्चीवरील उन्हात ठेवल्यास रबर तडकते.

बेंच आणि स्टँडचे नट-बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासावेत. रॉड वाकल्याची शंका आली, तर रिकामा रॉड स्टँडवर ठेवून मधला दांडा सावकाश फिरवावा आणि टोकाकडे पाहावे: टोक वर-खाली डोलत असेल, तर तो रॉड ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत न पडता जड वजनांसाठी बाद करावा.