पट्टा बदलण्याआधी पुल्या फिरवून बघा

बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग एकदम जड झालं आणि थोड्या वेळात तापमानाचा काटा वर सरकायला लागला, की बोनेट न उघडताही समजा, इंजिनच्या पुढचा, पुल्या फिरवणारा पट्टा गेला. इंजिन लगेच बंद करा. बहुतेक जुन्या ट्रकांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो. 'पुढच्या वळणापर्यंत नेऊ' म्हणाल तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाईल.

नवा पट्टा चढवायची घाई मात्र करू नका. पट्टा उगाच तुटत नाही, त्याला अनेकदा कुठली तरी पुली खाते. ती पुली सापडली नाही तर नवाही तसाच जाणार.

इंजिन गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. तुटलेले सगळे तुकडे गोळा करा. क्रँकच्या पुलीमागे (इंजिन जी थेट फिरवतं ती पुली) टॉर्च लावून नीट बघा. पट्ट्यातले दोरे तिथे गुंडाळून पुढच्या ऑइल सीलपर्यंत पोचतात आणि सील कापतात. एकही दोरा राहू देऊ नका.

आता पट्टा नाही, म्हणजे क्रँकची सोडून प्रत्येक पुली हाताने फिरवता येते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच काम. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), पाण्याचा पंप, आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली), टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची पुली), एकेक फिरवा आणि बोटांना काय कळतं ते बघा. खरखर, अडखळणं, घरघर म्हणजे बेअरिंग संपलं. पुली धरून पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला तर तेच. छोटी आयडलर फिरवल्यावर चाकासारखी मोकळी गरगरत राहिली तर आतलं ग्रीस वाळलंय, तीही बदला.

जुना पट्टाही बोलतो. एकच कड झिजलेली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. फुगून चिकट झालाय तर तेल किंवा कूलंट गळतंय. भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, हे जुन्या निओप्रीन रबरापुरतं ठीक होतं. हल्लीचे ईपीडीएम या रबराचे पट्टे टायरसारखे झिजतात, भेगा न पडताच खाचा खोल होतात.

पट्ट्यावरचा नंबर वाचा: ६पीके१८४० म्हणजे सहा दाती (पट्ट्याच्या लांबीभर जाणाऱ्या उभ्या रेघा), लांबी १८४० मिलिमीटर. मधल्या काळात कुणी वेगळा अल्टरनेटर बसवला असेल तर हा नंबर फसवू शकतो. टेन्शनर मधल्या स्थितीत धरून पुल्यांवरून सुतळी फिरवा आणि मोजा.

पट्टा कुठून कसा फिरवायचा तो मार्ग बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. खाचांची बाजू खाचांच्या पुल्यांवर, सपाट पाठ सपाट पुल्यांवर. लांब दांड्याने टेन्शनर मागे ओढा आणि हाताला सोपी असलेली वरची पुली शेवटी घ्या. टेन्शनर सावकाश सोडा. मग प्रत्येक पुलीवर सगळ्या दाती खाचांत बसल्यात का, ते बोट फिरवून तपासा. एक दाती बाहेर राहिली तरी पट्टा सुटतो.

बॅटरी जोडून इंजिन सुरू करा. चिरचिर आली तर लांबून, हात आणि कपडे सांभाळून, खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी आहे. वाढला तर ताण कमी. पट्ट्यावर मारायचे स्प्रे वापरू नका, त्याने दोष तसाच झाकून राहतो.

जुना व्ही पट्टा (व्ही आकाराचा, एकाच खाचेत बसणारा) असेल तर टेन्शनर नसतो, अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबून साधारण एक सेंटिमीटर दबला की पुरे. नवा पट्टा थोडा ताणला जाऊन सैल पडतोच, म्हणून गाडी थोडी चालवून, इंजिन गार झालं की तो ताण पुन्हा बघा.