वीस कधी पडलंच नाही

गेम प्रोग्रामिंगमधलं माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक फासा. कंपनी पुण्यातली, छोटी. आठ माणसं आणि एक कायम बिघडलेला एसी. गेममध्ये एक हेर किल्ल्यात शिरतो. कुलूप उघडणं, तट चढणं, पहारेकऱ्याला गुंडाळणं (या कौशल्याचं नाव आम्ही ‘बोलबच्चन’ ठेवलं होतं, रिलीजआधी बदललं), यातलं काय जमलं आणि काय फसलं ते फासा ठरवणार. सिनियर म्हणाला, “अर्ध्या दिवसाचं काम आहे.” झालंही अर्ध्या दिवसात. निस्तरायला दोन महिने लागले.

नियम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या घराण्यातला. १९७४ साली आलेला हा टेबलावरचा खेळ. कौशल्याची परीक्षा फाशावर घेणारे बहुतेक व्हिडिओ गेम आजही त्याचंच देणं लागतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याचे गुण मिळवायचे, बेरीज अवघडपणाच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. अवघडपणा १५ आणि कौशल्य ४ असेल तर फाशावर किमान ११ हवेत. वीसपैकी दहा बाजू, म्हणजे ५० टक्के.

शिवाय एक खजिन्याची खोली होती. तिचं दार कौशल्य कितीही असो, फाशावर सरळ २० आले तरच उघडणार.

आठवड्याभरात टेस्टर आली. “अरे, तुझं ते दार उघडत नाहीये.” मी खुर्ची फिरवून तिला संभाव्यतेवर व्याख्यान दिलं. पाच टक्के म्हणजे वीस वेळांत एकदा यायलाच हवं असं नाही, फाशाला आधीचं दान आठवत नसतं, वगैरे. ती शांतपणे ऐकून गेली आणि दोन दिवसांनी वही घेऊन आली. शाळेतल्या मुलांसारख्या पाच-पाचच्या उभ्या-आडव्या रेघा. २०० प्रयत्न, एकदाही दार नाही.

आता मला गणित करावंच लागलं. पाच टक्क्यांची गोष्ट सलग २०० वेळा न घडण्याची शक्यता लाखात तीन-चार. एवढं वाईट नशीब कोणाचं नसतं. कोड उघडला. गेम बनवायच्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये रँडम.रेंज नावाचं फंक्शन दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा काढून देतं. त्याला मी १ आणि २० दिले होते. पूर्णांक दिले की हे फंक्शन वरचा आकडा धरतच नाही, त्यामुळे माझा फासा १ ते १९ होता. दशांश आकडे दिले तर मात्र तेच फंक्शन वरचा आकडा धरतं. पायथन भाषेत रँडइंट धरतं, रँडरेंज धरत नाही. पाठ करू नका, प्रत्येक वेळी डॉक्युमेंटेशन उघडा. बाकीच्या कामांत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे ५० टक्क्यांच्या जागी ४७ होत होते आणि तीन टक्के डोळ्याला दिसत नाहीत. ते दार नसतं तर गेम तसाच बाजारात गेला असता.

महाभारतातल्या नलाच्या गोष्टीत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं नुसत्या नजरेने सांगतो आणि मग नलाला फाशांची विद्या देतो. आपल्याकडे ती नजर नाही, म्हणून लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहायचा. फासा एक लाख वेळा टाका आणि प्रत्येक बाजू किती वेळा आली ते छापा. वीस बाजूंना सरासरी ५,००० येतील. शंभर-दीडशेचा फरक अगदी नेहमीचा, तीनशेच्या वर गेला तर कोड तपासा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

दुसरी चूक याहून मजेशीर. दुरुस्तीच्या नादात मी सी-शार्प या भाषेतला जनरेटर, म्हणजे असे आकडे काढून देणारा कोड, वापरायला घेतला आणि प्रत्येक पहारेकऱ्यासाठी नवा बनवला. जनरेटर ज्या आकड्यावरून सुरुवात करतो ते बीज, म्हणजे सीड, त्या आवृत्तीत घड्याळावरून घेतलं जायचं. पाच जनरेटर एकाच क्षणी जन्मले की पाचांना एकच बीज, म्हणजे पाचांची दानंही तीच. हेर अंगणात आला की पाचही पहारेकऱ्यांना एकदम दिसायचा, नाहीतर एकालाही नाही. जनरेटर सुरुवातीला एकदाच बनवा, त्याचं बीज लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदींत, लिहा, आणि धूर-ठिणग्यांसाठी वेगळा जनरेटर ठेवा. नाहीतर ठिणग्या कमीजास्त झाल्या की पुढची सगळी दानं बदलतात आणि टेस्टरने सांगितलेला बग तुमच्या मशीनवर परत दिसत नाही.

पडद्यावर घरंगळणारा फासा फक्त देखावा असतो, हेही नवीन मुलांना माहीत नसतं. आकडा आधी काढायचा आणि ॲनिमेशन त्या बाजूवर आणून थांबवायचं. फासा खरोखर भौतिकीवर सोडला तर कधीतरी तो भिंतीला टेकून तिरका उभा राहतो.

सगळं दुरुस्त झालं तरी तक्रारी थांबल्या नाहीत. ७५ टक्के लिहिलंय आणि तीनदा सलग फसलं, हा गेम खोटारडा आहे! हे सरासरी ६४ वेळांत एकदा घडतं, पण माणूस ७५ टक्के वाचतो आणि ‘जवळपास नक्की’ समजतो. इथे मोठ्या गेमनी सरळ लबाडी केली आहे. ‘फायर एम्ब्लेम’च्या बऱ्याच भागांत एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरतात, त्यामुळे पडद्यावरचे ९० टक्के प्रत्यक्षात ९८ होतात. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाचं सेटिंग आहे. ते चालू असलं की अपयशाची लांब रांग लागू देत नाही.

मीही भरपाई घातली होती, प्रत्येक अपयशानंतर पाच टक्के जास्त. पण मूळ शक्यता तेवढी खाली आणायची विसरलो आणि गेम भलताच सोपा झाला. ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये जिथे २५ टक्के लिहिलंय तिथे पहिल्या फटक्याला साधारण साडेआठ टक्केच असतात, मग ते दर वेळी वाढत जातात. हिशेब असा दोन्हीकडून करावा लागतो.

माझं मत विचाराल तर भरपाईपेक्षा दोन साधे फासे बरे. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ने तेच केलं. ३६ जोड्यांपैकी सहांची बेरीज ७, आणि दोन किंवा बाराची जोडी एकेकच. मधले आकडे जास्त येतात म्हणून कौशल्याला वजन राहतं. वीस बाजूंच्या फाशावर मुरलेला चोर आणि नवशिका यांच्यात फारसा फरक जाणवत नाही.

सेव्ह लोड करून पुन्हा पुन्हा दान टाकणाऱ्यांचं काय? जनरेटरची स्थिती सेव्हमध्येच ठेवली की लोड केल्यावर तोच निकाल येतो. आम्ही ठेवली. लोक चिडले, पण थोडेच.

शेवटच्या बिल्डच्या दिवशी टेस्टर वही घेऊनच बसली होती. खजिन्याच्या दारावर क्लिक केलं, फासा घरंगळला, २०. पहिल्याच फटक्यात. तिने वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आता हा पण बग आहे का बघ.”

मी बघितलं. लूप लावून, एक लाख वेळा.