गेममधल्या लढाईच्या क्लासवर अभिप्राय कसा द्यावा

ऑनलाइन गेममध्ये लढाई शिकवणाऱ्या क्लासनंतर ‘क्लास मस्त झाला’ एवढं वाचून शिकवणाऱ्याच्या हाती काय लागणार? नेमका क्षण सांगा. मी असं लिहितो: ‘पॅरी (येणारा वार ऐनवेळी परतवणं) दाखवताना वार पटकन आला. माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) 150 मिलिसेकंदांच्या वर असल्याने मला तो उशिरा दिसला. वाराआधी व्हॉइसवर इशारा दिलात तर जमेल.’ काय घडलं, का अडलं, काय बदलावं, तिन्ही आलं. क्लिप असेल तर जोडाच.

चुका सगळ्यांसमोर काढू नका, खासगी मेसेज बरा. गेम बनवणाऱ्या डेव्हलपरने केलेल्या नर्फचा (एखादी चाल किंवा शस्त्र कमकुवत करण्याचा) राग तर शिकवणाऱ्यावर अजिबात नको. तो बिचारा फुकट शिकवतोय. आणि नवख्यांच्या क्लासला जाऊन ‘कॉम्बो (सलग वारांच्या साखळ्या) फारच सोपे’ म्हणणारे? त्यांनी पुढच्या पातळीचा क्लास शोधावा. आवडलेला सरावही नावानिशी लिहा, नाहीतर पुढच्या वेळी नेमका तोच गाळला जातो.